चिमुकल्या उपग्रहाचें अन्न आणि बुद्धि

घरांतील एखादें विजेचें यंत्र अडून बसलें, म्हणजे त्यावर सर्वांच्या परिचयाचा एक उपाय आहे. बटण बंद करावें, क्षणभर थांबावें आणि पुन्हां चालू करावें. संगणक असो, दूरध्वनि असो, कीं दूरचित्रवाणीचा संच असो; बहुतेक वेळां एवढ्यानेंच काम भागतें. या उपायामागील शास्त्र फारसें कोणी विचारीत नाहीं, कारण बटण हाताशीं असतें आणि हात मोकळा असतो. परंतु हेंच यंत्र पृथ्वीपासून पांचशें किलोमीटर उंचीवर, सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगानें फिरत असलें, तर बटण कोणीं दाबावयाचें? चिमुकला उपग्रह बांधणाऱ्यांपुढील पहिला प्रश्न हा आहे. आंतील संगणक किती हुशार असावा, हा प्रश्न त्यानंतरचा.

चिमुकल्या उपग्रहाची ही कल्पना आतां रूढ झाली आहे. १९९९ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉर्डी प्वीग-स्वारी आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनीं एक ठराविक माप सुचविलें. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर आणि वजन सुमारें एक किलो, असा हा घन होता. त्याला ‘क्यूबसॅट’ हें नांव पडलें. विद्यार्थ्याचें शिक्षण संपण्यापूर्वीं त्याच्या हातून एक उपग्रह पुरा व्हावा, हा त्यांतील हेतु होता. माप एकच असल्यामुळें असे अनेक घन एकाच प्रकारच्या स्प्रिंगच्या पेटींत बसवितां येतात, आणि मोठ्या उपग्रहाबरोबर सहप्रवासी म्हणून त्यांना कमी खर्चांत वर जातां येतें. या मापाचे पहिले उपग्रह ३० जून २००३ रोजीं रशियांतील प्लेसेत्स्क येथून सुटले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं बांधलेला सुमारें एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणानें गेला. त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटींतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा सुमारें दहा किलोंचा, म्हणजे या मापाहून मोठा, उपग्रह पीएसएलव्ही-सी३५ बरोबर गेला.

अशा दहा सेंटिमीटरांच्या पेटींत संसाराचें सर्व सामान असतें. बॅटरी, रेडिओ, दिशा ओळखणारीं उपकरणें, आणि या सर्वांना कामें वांटून देणारा संगणकाचा बोर्ड. पैकीं बोर्ड ही त्याची बुद्धि असें मानलें, तर वीज हें त्याचें अन्न. आणि माणसांच्या घराप्रमाणेंच येथेंही सर्व कारभार शेवटीं अन्नाच्या हिशेबापाशीं येऊन थांबतो.

तो हिशेब असा. पृथ्वीच्या आसपास सूर्यप्रकाशांतून प्रत्येक चौरस मीटरावर सुमारें १३६० वॅट शक्ति येऊन पडते. उपग्रहाची एक बाजू म्हणजे चौरस मीटराचा शंभरावा भाग. तिच्या वाट्यास साडेतेरा वॅट येतात. पण सर्व बाजू सूर्यघटांनीं झांकतां येत नाहीं. साधारणतः दोन घट मिळून साठ चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात, आणि उत्तमांतले उत्तम घटही त्यांवर पडलेल्या प्रकाशाचा तीस टक्क्यांच्या आसपासच भाग विजेंत बदलतात. म्हणजे सूर्य अगदीं समोर असेल, तेव्हां एका बाजूपासून दोन ते अडीच वॅट मिळतात. शिवाय पांचशें किलोमीटर उंचीवर एक फेरी सुमारें पंचाण्णव मिनिटांची असते, आणि तींतील जवळजवळ पस्तीस मिनिटें उपग्रह पृथ्वीच्या सावलींत असूं शकतो. ऊन व सावली, समोरची बाजू व तिरपी बाजू, हें सर्व जमेस धरलें, तर उपग्रहाची सरासरी मिळकत दीड-दोन वॅटांच्या घरांतच राहते. घरोघरीं रात्रीं लावला जाणारा जुना ‘झिरो’चा दिवाही दहा-पंधरा वॅट खात असे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या मिळकतीचें खरें स्वरूप कळतें. एवढ्या तुटपुंज्या उत्पन्नांत एक सबंध प्रयोगशाळा चालवावयाची असते.

आतां खर्चाची बाजू पाहावी. तळहाताएवढ्या एका बोर्डावर पुरा संगणक मावेल, असे तयार बोर्ड हल्लीं बाजारांत मिळतात. ‘रास्पबेरी पाय’ हा त्यांतलाच एक प्रकार. अमेरिकेंतील यूटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांचा ‘गॅसपॅक्स’ हा दहा सेंटिमीटरांचा घन २६ जानेवारी २०२२ रोजीं आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरून सोडण्यांत आला. त्याचा मुख्य संगणक याच जातीच्या सर्वांत लहान बोर्डांपैकीं होता. असे बोर्ड छायाचित्रें काढून तीं लहान करणें, मोजमापें सांठविणें, गणित करणें अशीं कामें सहज उरकतात. पण त्यांची भूक मोठी. स्वस्थ बसलेला असा बोर्ड अर्धा वॅट घेतो, आणि अधिक शक्तिमान् प्रकार कामाला लागला म्हणजे कित्येक वॅट मागतो. उलट, ज्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात तो एका चकतीचा लहानसा संगणक वॅटाच्या कांहीं सहस्रांशांवरच दिवसरात्र जागा राहूं शकतो. त्याला फारसें कांहीं येत नाहीं. तो मोजतो, घड्याळ पाहतो आणि बटणें दाबतो.

म्हणून पुष्कळ उपग्रहांत दोन बुद्धि ठेवतात. एक पहारेकऱ्याची आणि दुसरी पंडिताची. पहारेकरी नेहमीं जागा असतो. पंडिताला काम असेल तेव्हां उठवितात, आणि काम संपलें कीं त्याची वीज बंद करून त्याला निजवितात. कोणाला केव्हां वाढावयाचें हें ठरविण्याचा अधिकार पहारेकऱ्याकडे व वीजवांटपाच्या बोर्डाकडे असतो, पंडिताकडे नसतो. हा अधिकार उलटा दिला, म्हणजे मोठ्या संगणकानें स्वतःच स्वतःची वीज सांभाळावी असें ठरविलें, तर तो संगणक बेशुद्ध पडल्यावर त्याला शुद्धीवर आणणारें कोणीच उरत नाहीं.

अन्न नुसतें पुरेसें असून चालत नाहीं, तें योग्य रीतीनें पानांत पडावें लागतें. उपग्रहांत बहुधा लिथियमच्या बॅटऱ्या असतात. अठरा मिलिमीटर व्यासाच्या आणि पासष्ट मिलिमीटर लांबीच्या या नळकांड्या पूर्वीं मांडीवरच्या संगणकांतही पुष्कळ वापरल्या जात. अशा एका घटाचा दाब भरलेला असतां ४.२ व्होल्ट असतो, आणि रिकामा होत आला म्हणजे तो ३ व्होल्टांच्या आसपास उतरतो. संगणकाच्या बोर्डाला मात्र पांच व्होल्ट हवे असतात, आणि तेही स्थिर. त्यांत पांच टक्क्यांहून अधिक घट त्याला सोसत नाहीं, म्हणजे ४.७५ व्होल्टांखालीं तो अडखळूं लागतो. यासाठीं मधें दाब बदलणारें एक मंडल बसवावें लागतें, आणि तें मंडलही आपली दलाली म्हणून शेंकडा दहा-पंधरा टक्के शक्ति उष्णतेच्या रूपानें कापून घेतें.

येथें तारेचा प्रश्न येतो, आणि नवशिक्याची फसगत बहुधा येथेंच होते. समजा, बारीक तार व जोडणीच्या टांचण्या मिळून विजेच्या वाटेंत एक-दशांश ओहम विरोध आहे. हा विरोध इतका अल्प आहे कीं साध्या मोजयंत्रावर तो नीट दिसतही नाहीं. पण बोर्डानें क्षणभर दोन अँपियर प्रवाह ओढला, तर त्या वाटेंतच दोन-दशांश व्होल्ट खर्च होतात, आणि पांच व्होल्टांचे ४.८ उरतात. सोसण्याची मर्यादा ४.७५ ची, म्हणजे संगणक कड्याच्या अगदीं टोकाशीं उभा. म्हणून विजेसाठीं एका टांचणीवर विसंबत नाहींत. अनेक टांचण्या एकत्र जोडतात, आणि प्रवाह परत नेणाऱ्या टांचण्याही तितक्याच ठेवतात. कारण जेवढी वीज जाते तेवढी परत यावी लागते, हें विसरणें फार सोपें असतें.

दुसरी अडचण पहिल्या घांसाची. बोर्ड बंद असतां त्यावरील विद्युत्-धारक रिकामे असतात. बटण चालू होतांच ते एकदम भरूं पाहतात व नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढतात. घरांत पाण्याचा पंप सुरू होतांना दिवे क्षणभर मंद होतात, तसाच दाब येथें खालीं येतो. घरांतले दिवे पुन्हां उजळतात. पण संगणकाला तो क्षण मृत्यूचा वाटतो. तो थांबतो व पुन्हां आरंभापासून उठूं लागतो. उठतांना पुन्हां तोच मोठा घांस, पुन्हां तोच अंधार. या फेऱ्यांत सांपडलेला उपग्रह सुरू होत राहतो आणि कधींच सुरू होत नाहीं. बॅटरी मात्र संपून जाते. यावर उपाय म्हणून विजेचें दार एकदम न उघडतां सावकाश उघडणारें इलेक्ट्रॉनिक बटण घालतात, आणि बोर्डाच्या अगदीं जवळ एक मोठा धारक ठेवतात, म्हणजे अचानक लागणारी वीज शेजारींच मिळते.

आतां त्या आरंभींच्या उपायाकडे वळावें. वीज काढून पुन्हां देण्याची गरज अवकाशांत पृथ्वीवरच्यापेक्षां अधिक कां पडते? वातावरणाचें पांघरूण नसल्यामुळें तेथें सूर्याकडून व दूरच्या ताऱ्यांकडून येणारे विद्युत्-भारित कण थेट येऊन आदळतात. एखादा कण संगणकाच्या स्मृतींतील एका अंकाचा शून्य करतो किंवा शून्याचा एक. हें झालें सौम्य दुखणें. कार्यक्रम चुकतो, पुन्हां आरंभ केला कीं सुधारतो. पण कधीं कधीं कण चकतीच्या आंतील अशा जागीं बसतो, कीं विजेला वीज परत नेण्याची आडवाट उघडी सांपडते, आणि ती वाट मग आपोआप मिटत नाहीं. चकती भरमसाट प्रवाह ओढूं लागते व तापत जाते. अशा वेळीं कोणताही कार्यक्रम, कोणतीही आज्ञा उपयोगी पडत नाहीं. तिची वीज पूर्णपणें तोडणें हाच एक उपाय, आणि तो चकती जळून जाण्यापूर्वीं व्हावयास हवा. म्हणून वीजवांटपाचा बोर्ड प्रत्येक शाखेवर प्रवाह मोजीत बसतो. मर्यादा ओलांडली गेली, कीं ती शाखा तो तत्काळ तोडतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हां जोडतो. घरांतील माणूस जें हातानें करतो, तेंच येथें एक लहानसें मंडल करीत असतें.

त्याच्या जोडीला एक घड्याळही असतें. इंग्रजींत त्याला ‘वॉचडॉग’, म्हणजे राखणदार कुत्रा, असें नांव आहे. शुद्धीवर असलेल्या संगणकानें ठराविक वेळानें या घड्याळाला खूण द्यावयाची. खूण आली नाहीं, तर संगणक अडला असें समजून घड्याळ त्याची वीज तोडतें. यांतील मर्म असें कीं, हें घड्याळ संगणकाच्या बाहेरचें असावें लागतें. निजलेल्यानेंच स्वतःला हांक मारावयाची असेल, तर त्या हांकेचा उपयोग काय?

वीज तोडली म्हणजे खरोखर तुटते, असेंही नाहीं. याविषयीं जोडणी करतांना फार जपावें लागतें. बोर्डाला विजेच्या तारांखेरीज निरोपाच्याही तारा असतात. विजेची तार बंद केली, पण निरोपाच्या तारेवर शेजारचा बोर्ड दाब देत राहिला, तर त्या वाटेनें थोडी वीज आंत झिरपते. संगणक मग ना जिवंत ना मेलेला, अशा मधल्या स्थितींत राहतो, आणि अडकलेली चकतीही सुटत नाहीं. म्हणून निरोपाच्या तारांवरही एक दार ठेवतात. वीज बंद होतांच तेंही मिटावें अशी योजना असते. तसाच धोका एकाच वाटेवर सर्वांनीं बोलण्याचा. दोन तारांवर अनेक उपकरणें टांगण्याची एक सोयीची पद्धति आहे. जागा वांचते, तारा वांचतात. परंतु त्यांतील एक उपकरण बिघडून त्यानें तार खालींच धरून ठेवली, तर बाकीचीं सर्व मुकीं होतात. चाळींतील एका भाडेकऱ्यानें सामाईक नळ अडवावा, तसाच हा प्रकार.

बोर्ड एकमेकांशीं जोडण्याची एक रूढ पद्धति म्हणजे १०४ टांचण्यांची लांब पट्टी. एकावर एक रचलेल्या डब्यांप्रमाणें बोर्ड तींत बसतात आणि चार कोंपऱ्यांना दांड्यांनीं आवळले जातात. घरच्या संगणकास चालणाऱ्या, नुसत्या दाबून बसणाऱ्या जोडण्यांवर येथें भरंवसा ठेवीत नाहींत. अग्निबाण चढत असतां त्याचा हादरा इतका जबर असतो, कीं सैल खांचेंतील स्मृतीचें कार्ड जागचें हलूं शकतें. म्हणून कांहीं जोडण्या डाग देऊन पक्क्या करतात, कांहींवर डिंकासारखा चिवट लेप देतात, आणि सर्व जुडगा हादऱ्याच्या मंचावर बसवून आधींच परीक्षा घेतात. उष्णतेचीही तीच गोष्ट. पृथ्वीवर तापलेल्या चकतीची उष्णता हवा वाहून नेते. निर्वातांत हवा नाहीं, तेव्हां पंखा निरुपयोगी. उष्णतेला धातूच्या सांगाड्यापर्यंत जाण्यासाठीं धातूचीच वाट करून द्यावी लागते.

अशा रीतीनें सिद्ध झालेला उपग्रह पेटींत निद्रिस्त असतो. पेटीची भिंत त्याच्या कडेवरील लहान बटणें दाबून ठेवते, आणि त्यामुळें बॅटरी अलग राहते. चुकून एखादा रेडिओ बोलूं लागून मुख्य उपग्रहास अपाय होऊं नये, म्हणून ही दक्षता. पेटीचें दार उघडून स्प्रिंगनें त्याला बाहेर ढकललें, कीं बटणें मोकळीं होतात आणि वीज प्रथमच वाहूं लागते. तरीही क्यूबसॅटच्या नियमाप्रमाणें अर्धा तास तरी अँटेना उघडावयाची नसते. त्या अर्ध्या तासांत जागा असतो तो फक्त पहारेकरी.

या सर्व दक्षतेचें मोल २०१५ सालीं एका उपग्रहानें सर्व जगाला दाखवून दिलें. ‘प्लॅनेटरी सोसायटी’ या अमेरिकन संस्थेचा ‘लाइटसेल’ हा तीन घनांएवढा उपग्रह २० मे रोजीं केप कॅनाव्हरल येथून सुटला. सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणारें बत्तीस चौरस मीटरांचें तलम शीड त्यांत घडी घालून ठेवलेलें होतें, आणि तें उघडतें कीं नाहीं हें पाहावयाचें होतें. दोन दिवसांतच उपग्रह मुका झाला. कारण अगदीं क्षुल्लक होतें. आपल्या प्रकृतीचें वर्तमान पाठवितांना त्याचा संगणक तें एका फाइलींत लिहूनही ठेवीत होता. ती फाइल बत्तीस मेगाबाइटांपर्यंत वाढली आणि संगणक थिजला. पृथ्वीवरून ‘पुन्हां आरंभ कर’ अशी आज्ञा वारंवार पाठविण्यांत आली. परंतु ती आज्ञा ऐकावयाची होती त्या थिजलेल्या संगणकानेंच. गाढ झोंपलेल्या माणसास ‘जागा हो’ असें पत्र पाठवावें, तसेंच तें झालें. शेवटीं अभियंत्यांना एकच आशा उरली, कीं एखादा अवकाशांतला कण येऊन आदळावा आणि त्यानें संगणकाला हिसका द्यावा. ज्या कणांपासून इतर वेळीं संगणकाचें रक्षण करावयाचें, त्यांचीच प्रार्थना करण्याची वेळ आली. आठ दिवसांच्या मौनानंतर, ३० मे रोजीं, उपग्रह आपण होऊन पुन्हां बोलूं लागला.

संकट तेथेंच संपलें नाहीं. ३ जूनला सूर्यघटांचीं पानें उघडलीं, आणि त्यानंतर बॅटऱ्यांनीं स्वतःच्या रक्षणासाठीं स्वतःला मंडलापासून तोडून घेतलें असें दिसून आलें. पुन्हां मौन. ६ जूनला पुन्हां आवाज ऐकूं आला, आणि आतां विलंब करणें नको असें ठरवून ७ जूनला शीड उघडण्याची आज्ञा गेली. शीड उघडलें, त्याचें छायाचित्रही खालीं आलें. १४ जूनच्या सुमारास उपग्रह वातावरणांत शिरून नष्ट झाला. पण त्याचें काम पार पडलें होतें.

एकाच उपग्रहावर, तीन आठवड्यांच्या आंत, एकदां बुद्धि थिजली आणि एकदां अन्न थांबलें. दोन्ही वेळां प्रश्न संगणकाच्या हुशारीचा नव्हता. वीज कोणाच्या हातीं आहे आणि तो हात जागा आहे कीं नाहीं, हाच प्रश्न होता. पुण्या-मुंबईच्या, किंवा कोठल्याही गांवच्या, महाविद्यालयांत असा घन बांधूं पाहणारे विद्यार्थी जेव्हां एकत्र बसतात, तेव्हां साहजिकच कोणता वेगवान् बोर्ड घ्यावा, यावर चर्चा रंगते. वीजवांटपाच्या बोर्डाचा आराखडा, टांचण्यांची यादी, प्रत्येक शाखेची प्रवाहमर्यादा आणि बाहेरचें राखणदार घड्याळ, हीं कामें रुक्ष वाटतात व मागें पडतात. पेटीचें दार उघडल्यावर जीं पहिलीं मिनिटें जातात, तीं मात्र याच रुक्ष कामांच्या हवालीं असतात. तेव्हां आराखड्याच्या पहिल्याच कागदावर एका प्रश्नाचें उत्तर लिहून ठेवावें: हा संगणक थिजला, तर त्याची वीज कोण तोडील? उत्तरांत त्या संगणकाचेंच नांव येत असेल, तर आराखडा अद्याप पुरा झालेला नाहीं.